करापुरते विभक्त

मी, चिंतामणी मोरोबा मानकर, जात पाठारे प्रभू, वय वर्षे एकसष्ट, धंदा अर्जनवीस, राहणार मुगभाट, गिरगाव, मुंबई, आज आपल्या खुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझा उजवा पाय गेल्या जूनपासून चालत नाही. उजवा हात चालतो आणि डोके पूर्वीइतकेच चालते. माझ्या बुद्धीविषयी माझा धाकटा भाऊ गंगाधर याला पुढेमागे शंका आली, तर त्याने एवढे आठवावे की याच एप्रिलात त्याने आपले इन्कमटॅक्सचे पत्रक माझ्याकडूनच भरून घेतले. वेड्याच्या हाती आपला पैसा देईल अशांपैकी गंगाधर नाही.

यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही. आता का करतो ते पुढच्या कलमांत येईल. लांबण लागली तर वाचणाराने राग मानू नये. जन्मभर दुसऱ्यांचे मजकूर ठरलेल्या रकान्यांत बसवले. हा एक कागद माझा आहे.

कलम पहिले. माझा धंदा.

कोर्टाच्या आवाराबाहेर, वडाच्या सावलीत, एक टेबल व दोन स्टुले घेऊन मी बत्तीस वर्षे बसलो. आधी भाडेकरूंचे अर्ज, हरवलेल्या गाईंचे अर्ज, पळून गेलेल्या नवऱ्यांचे अर्ज लिहिले. सन १८८६ साली सरकारने प्राप्तीवर कर बसवला आणि माझे नशीब उघडले. ज्याला वर्षाला पाचशे किंवा त्याहून जास्त मिळतात त्याला कर, त्याहून कमी त्याला माफी, असा कायदा निघाला. त्याबरोबर सबंध गिरगाव एका आठवड्यात गरीब झाले. काल ज्याच्या दारी बग्गी होती तो आज माझ्या स्टुलावर बसून म्हणे, "चिंतामणराव, चारशे नव्याण्णव लिहा."

मी कायद्याचे इंग्रजी पुस्तक विकत घेतले आणि कलमावार वाचले. टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी सांगत असे. हातात आलेला प्रत्येक पैसा उत्पन्न नव्हे. हातातून गेलेला प्रत्येक पैसा धंद्याचा खर्च नव्हे. आणि सही करण्याआधी वरचे वाचावे, कारण खोट्या पत्रकाला शिक्षा आहे. पहिली गोष्ट सर्वांना आवडे, दुसरी कोणालाच आवडत नसे, आणि तिसरी कोणी ऐकतच नसे.

एक डॉक्टर आपल्या घोड्याचा चारा खर्चात घालायला आले. मी विचारले, "घोडा कुठे कुठे जातो?"

"रोग्यांच्या घरी."

"आणि रविवारी?"

"रविवारी महालक्ष्मीला. शर्यती असतात."

"मग सातांतला एक दिवस वजा करा."

"अहो, पण घोडा रविवारीही खातोच की!"

प्रभादेवीचा धर्मा याची नऊ खोल्यांची चाळ आहे. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही हे त्याने कुठेतरी ऐकले. "चाळीच्या अंगणात केळ लावली आहे," तो म्हणाला. "भाडं त्याच जमिनीचं. म्हणजे शेतीच झाली ना?" मी विचारले, केळीला घड आला का? "येईल की," तो म्हणाला. "तुम्ही आधी लिहा तर खरं." मी लिहिले नाही. तो दुसऱ्या अर्जनवीसाकडे गेला, त्याने लिहिले, आणि कचेरीने धर्माला दंड केला. तेव्हापासून तो मला पाहिले की रस्ता ओलांडतो. सदर धर्मा याला माझ्या मिळकतीतून केळीचे एक रोप द्यावे.

कलम दुसरे. तुळसा कोळीण हिच्याविषयी.

तुळसा शिवडीची. बायांबरोबर पहाटे मासळी घेऊन गिरगावात येते आणि आमच्या गल्लीत दारोदार विकते. सन १८८९ साली तिला साडेसातशे उत्पन्नाची आकारणी आली. आकारणी करणाऱ्या इसमाने तिला नारळी पौर्णिमेच्या दिवशी अंगभर सोने घालून मिरवताना पाहिले होते, एवढाच पुरावा. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मी हरकतीचा अर्ज लिहिला आणि सुनावणीला तिच्याबरोबर गेलो. मी साहेबांना सांगत होतो की साठवलेले सोने ही मालमत्ता, ते वर्षाचे उत्पन्न होत नाही; आणि विक्री म्हणजे नफा नव्हे, बंदरावरची खरेदी, बर्फ आणि नासलेला माल त्यातून वजा झाला पाहिजे. माझे बोलणे पुरे व्हायच्या आत तुळसा पुढे झाली.

"सायेब, सोना माझे आयशीचा हाय. मावरा इकून इतका सोना जाला असता, त मी डोकीवर टोपली कशाला घेतली असती?"

साहेबांना मराठी येत होते. ते हसले आणि आकारणी रद्द झाली. मी अर्जात जे दोन पानांत मांडले होते ते तिने एका वाक्यात मांडले, याचा मला थोडा राग आला होता. तो आता राहिलेला नाही.

त्या दिवसापासून तिने माझ्याकडून भाव कधी जास्त घेतला नाही. फी मात्र देऊ केली होती, दोन पापलेटे. घरी नेली. त्यांची किंमत सहा आणे धरून मी त्या वर्षीच्या माझ्या पत्रकात उत्पन्न म्हणून दाखवली.

कलम तिसरे. घर, व ते दोन कसे झाले.

मुगभाटातील घर माझे वडील मोरोबा यांचे. एक मजली, कौलारू, मागे विहीर. वडील १८८० साली वारले तेव्हा आम्ही दोघे भाऊ, मी व गंगाधर, एकत्र होतो. एक चूल, एक देवघर. गंगाधरची शिवडीला इमारती व जळाऊ लाकडाची वखार. मी लेखणीचा धनी. घरातल्या चार खोल्या भाड्याने दिलेल्या.

कर बसला त्या पहिल्याच वर्षी नोटीस आली, एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून माझ्या नावाने. वखारीचे सतराशे वीस, भाड्याचे चारशे वीस आणि माझे साडेतीनशे, असे मिळून दोन हजार चारशे नव्वद झाले. दोन हजारांपुढे रुपयाला पाच पै. कर भरला पासष्टाला अडीच आणे कमी. पैसे वखारीच्या गल्ल्यातून गेले. गंगाधर त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर बसला. "दादा, मी विचारून आलोय. आपण वेगळे असतो तर मला फक्त बेचाळीस लागले असते."

"बरोबर आहे. आणि मला दहा लागले असते."

"तुझे दहा जाऊ देत. माझे तेवीस वाचतात. यंदाच्या पत्रकात आपण विभक्त आहोत असं लिही."

"विभक्त असलो तर लिहीन."

"लिहिलं म्हणजे झालो."

"झालो म्हणजे लिहीन," मी म्हणालो. "खोटं पत्रक मी परक्याचंही भरत नाही."

माझी पत्नी दमयंती तेव्हा हयात होती. ती आतून म्हणाली, "तेवीस रुपयांपायी चूल मोडता?" गंगाधरची बायको गुणवंती भांडी मोजत होती.

एप्रिल १८८७ च्या पहिल्या तारखेला आम्ही खरोखर विभक्त झालो. उत्तरेकडचा अर्धा भाग माझा, दक्षिणेकडचा गंगाधरचा, प्रत्येकाकडे भाड्याच्या दोन खोल्या, विहीर सामाईक. देव वाटले. चुली दोन झाल्या. ओटीच्या मधोमध गंगाधरने आपल्या वखारीतल्या फळ्यांची पडदी उभारली. मी म्हणालो, वाटणीचा लेख करून तो नोंदवून घेऊ. त्याने विचारले, स्टँपाला किती लागतील? मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "भावाभावांत कागद कशाला?"

लेख झाला नाही. पण पत्रक झाले, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे त्याच्या दोन प्रती केल्या व दोन्हींवर त्याची सही घेतली. एक कचेरीला, एक माझ्या पेटीत. पत्रकाला जोडलेल्या वखारीच्या खर्चाच्या यादीत गंगाधरने स्वहस्ते एक ओळ लिहिली होती: "घराची वाटणी केली सबब मधल्या पडदीस फळ्या अकरा." त्या फळ्या त्याला धंद्याच्या खर्चात घालायच्या होत्या. मी त्या ओळीवर काट मारली. काटेखालची अक्षरे वाचता येतात.

याप्रमाणे बारा वर्षांत बारा पत्रके झाली. प्रत्येकात तो मजकूर आहे आणि प्रत्येकावर त्याची सही आहे.

कलम चौथे. माझा मुलगा.

महादेव माझा एकुलता मुलगा. त्याचे लग्न १८९१ साली मीनाक्षीशी झाले. ती शाळेत पाच इयत्ता शिकून आलेली होती. पुढे दमयंती गेली. माझे डोळे अधू होऊ लागले तेव्हा मीनाक्षी मला कागद वाचून दाखवू लागली, मग नकला करू लागली, मग माझ्या चुका काढू लागली. महादेव हसून म्हणे, "बाबा, तुम्ही सून आणलीत की मुख्य कारकून?"

फेब्रुवारी १८९७ मध्ये महादेवला प्लेगची गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. त्या वेळची मुंबई ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. दुपारचे बारा वाजले होते. गल्लीत अर्ध्या घरांना कुलपे होती. भाडेकरू गावी पळाले होते. खांदा द्यायला कोणी येईना. मी आणि खोताच्या वाडीतला माझा शेजारी झेवियर, असे दोघेच होतो. झेवियर गोदीत कारकून आहे. तो म्हणाला, "मी येतो, चिंतामणराव. माझ्या येण्याने तुमच्या धर्माला बाध येत असेल तर मागून चालतो." मी म्हणालो, पुढून चल.

तेवढ्यात पडदीच्या पलीकडून गुणवंतीचा आवाज आला. "जाऊ नका! घरात पोरं आहेत. सगळ्यांना छावणीत नेऊन टाकतील!" आणि मग गंगाधर ओटीवर आला. त्याने धोतर खोचले आणि पुढचा खांदा घेतला. सोनापूरच्या स्मशानापर्यंत त्याने तो बदलला नाही. लाकडे त्याच्याच वखारीतून आली.

त्या एप्रिलात मी त्याचे पत्रक भरत होतो. वखारीतल्या मालाचा मेळ बसेना. नऊ मण जळाऊ लाकूड गेलेले होते आणि विक्री नव्हती. मी विचारले, "गंगाधर, हे नऊ मण कोणाला विकले?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दादा, ती ओळ सोडून दे."

मी सोडली. बत्तीस वर्षांत सोडलेली तेवढी एकच.

कलम पाचवे. गेल्या जूनमध्ये काय झाले.

असा भाऊ या कलमात असा का वागला, हे मला समजलेले नाही. मी फक्त घडले ते लिहितो.

माझा पाय गेल्याला आठ दिवस झाले होते. गंगाधर सकाळी समाचाराला आला. मीनाक्षी जवळच बसून एका गिऱ्हाइकाच्या अर्जाची नक्कल करत होती.

"दादा, तब्येत ही अशी. घराचं काय ते आत्ताच बोललेलं बरं. सबंध घराला गिऱ्हाईक आलंय. चार मजली चाळ बांधणार आहे."

"तुझ्या अर्ध्याचं तू बघ."

"अर्धं कसलं? आपण एकत्र. महादेव गेला. तुझ्यामागं सगळं माझ्याकडंच येतं. कायदाच आहे."

"आणि मीनाक्षी?"

"तिला मी उघड्यावर टाकीन का? मागची खोली आहे. दोन वेळचं जेवण आहे. गुणवंतीला हाताशी कोणीतरी हवंच आहे."

मीनाक्षीची लेखणी थांबली. तिने मान वर केली नाही.

"आपण वाटण्या केल्यात, गंगाधर," मी म्हणालो.

"कागद कुठं आहे?"

मी पेटीकडे पाहिले. मीनाक्षी आधीच उठली होती. तिने पहिले पत्रक काढले आणि गिऱ्हाइकांना वाचून दाखवते त्याच आवाजात वाचू लागली. "मी, खाली सही करणार, प्रतिज्ञेवर लिहून देतो की माझा वडील भाऊ चिंतामणी याजपासून मी अन्न, देव, वास्तू व मिळकत यांनी विभक्त झालो असून, आता आम्हां उभयतांचे एकत्र काहीही नाही..."

"सही कोणाची?" मी विचारले.

"गंगाधर मोरोबा मानकर."

तिने दुसरे काढले. मग तिसरे. चौथ्याला गंगाधरने हात वर केला. "ते करापुरतं होतं, दादा."

"करापुरतं विभक्त, आणि घरापुरतं एकत्र?"

"सगळे तसंच करतात. मी कोर्टात सांगेन की ती पत्रकं खोटी होती."

"जरूर सांग. बारा पत्रकं, बारा गुन्हे. लिहिणारा मी, सही करणारा तू. दोघांनाही एकाच कोठडीत ठेवतील. तेवढं एकत्र कुटुंब सरकार मान्य करील."

तुळसा टोपली घेऊन पायरीशी येऊन कधीची उभी होती. तिला कोणी विचारले नव्हते. ती म्हणाली, "मी धा वरसां या घराला दोन दारांनी दोन वाटे देतंय. या दाराचा पैसा या दारान, त्या दाराचा त्या दारान. एका चुलीचा मावरा मी कंदी दिला नाय. कोरटान बोलवा, सांगतंय."

गंगाधर अगदी हळू म्हणाला, "म्हणजे तेवीस रुपयांपायी घर गेलं?"

"वर्षाला तेवीस. बारा वर्षांचे दोनशे शहात्तर. ते तुझे वाचलेच आहेत."

तो उठून गेला. त्यानंतर त्याने पाच महिने माझा उंबरठा चढलेला नाही. पण गेल्या आठवड्यात मी पायरीवर उन्हाला बसलो होतो, तेव्हा तो आपल्या पायरीवर येऊन बसला. मध्ये पडदी होती. त्याने विचारले, "पाय कसा आहे?" मी म्हणालो, तसाच. तो म्हणाला, "मंगळवारी तेल लावून चोळणारा एक जण वखारीत येतो. पाठवतो." पाठवला. घराविषयी तो बोलला नाही, मीही बोललो नाही.

तरीही हे पत्र करतो, कारण मी गेल्यावर गंगाधरच्या कानाशी बोलणारे पुष्कळ आहेत, आणि तो ऐकतो.

कलम सहावे. घराची व्यवस्था.

घराचा उत्तरेकडील अर्धा भाग, भाड्याच्या दोन खोल्या, विहिरीतील निम्मा हक्क आणि पडदीची माझ्याकडील बाजू, ही माझी विभक्त मिळकत मी माझी सून मीनाक्षी, महादेवची विधवा, हिला देतो. ती हयातीपुरती देत नाही. पूर्ण मालकीने देतो. तिने ती ठेवावी, विकावी, गहाण टाकावी, दान करावी. तिला कोणाची परवानगी नको. असली पत्रे मी पुष्कळ लिहिली आहेत आणि त्यांत सुनेने असे राहावे, तसे न राहावे, अमुक केल्यास मिळकत परत जावी, अशा अटी गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून घातल्या आहेत. या पत्रात तशी एकही अट नाही. उद्या तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच. लिहायचे राहिले असे कोणी म्हणू नये. मुद्दाम घातली नाही.

बारा पत्रकांच्या प्रती व कराच्या पावत्या तिच्या ताब्यात आहेत. एक नक्कल झेवियरच्या घरी आहे.

कलम सातवे. बाकीची चीजवस्तू.

पोस्टातील सहाशे चाळीस रुपये मीनाक्षीचे. टेबल, दोन स्टुले, दौती, कायद्याचे पुस्तक व गिऱ्हाइकांची वही तिचीच. टेबल वडाखालून हलवून आमच्या ओटीवर आणावे. बाईमाणूस अर्जनवीस कसे होणार, असे वडाखालचे इतर अर्जनवीस म्हणतील. गेल्या तीन वर्षांत त्यांनी माझ्या हस्ताक्षराची स्तुती केली ते हस्ताक्षर तिचे होते, हे त्यांना या कलमाने कळवतो.

त्या घोडेवाल्या डॉक्टरांकडे माझी दोन वर्षांची फी राहिली आहे. ती मागू नये. मात्र त्यांनी ती खर्चात दाखवली आहे. ती ओळ पुढच्या पत्रकात उलटवावी.

कलम आठवे. गंगाधर.

माझ्या चितेला अग्नी गंगाधरनेच द्यावा. तो हक्क वाटणीत गेलेला नाही. लाकडे त्याच्याच वखारीची घ्यावी आणि चालू भावाने पैसे देऊ करावे. त्याने घेतले तर पावती घ्यावी. न घेतले तर आग्रह करू नये.

पडदीत दार पाडावेसे कोणाला वाटले तर मीनाक्षीची हरकत नसल्यास पाडावे. कडी मीनाक्षीच्या बाजूला असावी.

वडिलांची चांदीची तपकिरीची डबी गंगाधरला देतो. वाटणीच्या दिवशी ती मी लपवली होती. ती त्या वर्षीच्या कोणत्याही यादीत नाही. लिहून टाकले, आता बरे वाटते.

कलम नववे. साक्षीदार.

कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. झेवियरला माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे असे मनात होते. त्याला विचारले. तो म्हणाला, "घड्याळ तुमचं दहा मिनिटं मागे चालतं. मी सही करतो." तुळसाला मी पंचवीस रुपये देणार होतो. तिला नियम समजावून सांगितला, एक तर पैसे, नाहीतर साक्ष. ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "निशाणी कुठं करू ती दाव." म्हणून दोघांनाही काही मिळत नाही, याची नोंद व्हावी.

कलम दहावे, व शेवटचे.

या पत्राची अंमलबजावणी मीनाक्षीने करावी. या सालचे माझे पत्रक एप्रिलपासून माझ्या मृत्यूच्या दिवसापर्यंत भरावे. पुढचे पत्रक तिचे. नावाच्या रकान्यात आपले नाव लिहावे. अमक्याची सून, तमक्याची विधवा हे तिथे कोणी विचारलेले नाही.

त्यात एक गोष्ट ती विसरेल म्हणून सांगतो. आपण स्वतःच्या घरात राहतो, त्या भागाला बाहेर जे भाडे आले असते त्याचे सहातले पाच हिस्से उत्पन्न धरावे, असे कायद्याचे कलम आहे. त्या कलमाला मी बारा वर्षे हसलो. कोणी कोणाला न दिलेले भाडे, आणि त्यावर कर! परवा मीनाक्षीने तेच कलम मला वाचून दाखवले आणि विचारले, "मामंजी, म्हणजे मी या घरात नुसती राहिले, तरी ती माझी कमाई?" मी हो म्हणालो. ती त्या पानावर बोट ठेवून बसली. मग मला हसू आले नाही.

भाडे, हे न दिलेले भाडे आणि ओटीवरच्या टेबलाची मिळकत मिळून तिचे वर्षाचे पाचशे भरणार नाहीत. पहिली काही वर्षे तिला कर नाही. माझ्या टेबलाशी आलेल्या प्रत्येकाला मी निघताना म्हणत असे, तुम्हाला कर न लागो. मीनाक्षीला माझा आशीर्वाद निराळा आहे. तिचे पाचशे पुरे व्हावेत, तिच्या स्वतःच्या नावाने नोटीस यावी, आणि तिने कचेरीत जाऊन दहा रुपये मोजून पावती घ्यावी.

येणेप्रमाणे दहा कलमे मी स्वतःच्या हाताने लिहिली, मीनाक्षीने वाचून दाखवली, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, ते मला मान्य आहे. खाली नावे असलेल्या दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी सही केली व त्यांनी माझ्यासमक्ष केली.

मुक्काम मुगभाट, गिरगाव, मुंबई. सोमवार, तारीख ५ डिसेंबर १८९८.

सही: चिंतामणी मोरोबा मानकर, दस्तुर खुद्द.

साक्ष:

१. झेवियर, राहणार खोताची वाडी, गोदीतील कारकून. मजकूर वाचला. घड्याळाविषयी लिहिले आहे ते खरे आहे.

२. तुळसा कोळीण, राहणार शिवडी. निशाणी बांगडी. मजकूर वाचून दाखवला. तिने दोनदा ऐकला, आणि पाचवे कलम तिसऱ्यांदा वाचायला लावले.